नव्या ग्राफिक्स कार्डवर ठिपके यायलेत, कार्ड खराब आहे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. खानापूरजवळच्या गावात तुम्ही लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता. सीझनच्या आधी मशीन तयार असावं म्हणून 12 जीबीचं नवं ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन मागवलं, बसवून पाच दिवस झाले. टाइमलाइनवर काम करताना मध्येच हिरवे-गुलाबी ठिपके येतात. गेम चालू केला की पंधरा-वीस मिनिटांत चौकड्या दिसतात. दोनदा स्क्रीन काळी होऊन परत आली. ड्रायव्हर दोन वेळा टाकून झाला. विक्रेता म्हणतो विंडोज नवीन मारा, गावातले मेकॅनिक म्हणतात एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदला, मित्र म्हणतो क्लॉक (कार्डाचा वेग) थोडा कमी कर, चालतंय. बदलून घ्यायची मुदत सात दिवसांची आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "कार्डच खराब आहे का माझंच काही चुकायलंय?"

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. कार्ड बदलून मिळण्याची विनंती आजच टाका. तपासणीत कार्ड चांगलं निघालं तर विनंती मागे घेता येते. मुदत टळली की तेच कार्ड कंपनीच्या वॉरंटीत पाठवावं लागतं, आणि मग बदली नवं कार्ड येईल का दुरुस्त केलेलं, किती आठवड्यांनी येईल, यातलं काही आपल्या हातात राहत नाही. मी बेळगावात बावीस वर्षं हेच काम करतोय. चांगल्या माणसांचे पैसे अडकलेले मी बघितलेत ते बहुतेक या एका दिरंगाईपायी: "आधी नीट तपासून बघू, मग सांगू."

तुम्हाला तिघांनी तीन उपाय सांगितले, पण नवं कार्ड दुरुस्त करणं हे तुमचं काम नाही. दोष कार्डात आहे का कार्डाच्या बाहेर, एवढंच तुम्हाला ठरवायचंय, आणि ते समोरच्याला नाकारता येणार नाही असं दाखवायचंय. जुन्या कार्डाच्या बाबतीत मी वेगळं बोललो असतो.

मॉनिटर किती हर्ट्झचा (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो), केबल कोणती, एसएमपीएस किती वॉटचा, कार्ड थेट स्लॉटमध्ये आहे का उभं बसवायला रायझर (जोडणीची केबल) लावलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे खालच्या काही गोष्टी तुम्हाला लागू होतील, काही होणार नाहीत. क्रम मात्र हाच ठेवा. यातलं पहिलं काम फुकटचं आहे आणि सगळ्यात जास्त तेच सांगून जातं.

ठिपके दिसत असतानाच कीबोर्डवरून स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याच वेळी मोबाइलने स्क्रीनचा फोटोही काढा. मग तो स्क्रीनशॉट मोबाइलवर पाठवून बघा. त्यात ठिपके असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलंय, म्हणजे कार्डाचा प्रोसेसर, त्याची मेमरी, ड्रायव्हर किंवा मशीनची रॅम यांपैकी काहीतरी. फोटोत ठिपके आहेत आणि स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, असं असेल तर चित्र बरोबर तयार होतंय आणि वाटेत बिघडतंय. ही वाट म्हणजे कार्डाचं आउटपुट, केबल, मॉनिटर. कार्डाचं आउटपुटही याच वाटेवर येतं, त्यामुळे स्वच्छ स्क्रीनशॉट म्हणजे कार्ड निर्दोष असा अर्थ काढू नका. पण अर्धं रान इथंच मोकळं होतं.

तुमच्या कामात एक वेगळी शक्यता आहे. हल्लीचे बरेच कॅमेरे 10 बिट 4:2:2 मध्ये, म्हणजे जास्त रंगमाहिती असलेल्या प्रकारात शूट करतात आणि बऱ्याच कार्डांच्या हार्डवेअर डीकोडरला (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला) हा प्रकार वाचता येत नाही. ठरावीक कॅमेऱ्याच्या क्लिपवरच हिरवी फ्रेम येत असेल आणि बाकी सगळीकडे चित्र स्वच्छ असेल, तर एडिटरमधलं हार्डवेअर डीकोडिंग बंद करून तीच क्लिप परत चालवा. मात्र तुम्हाला गेममध्येही चौकड्या दिसतात, म्हणून हे एवढ्यावर मिटेल असं मला वाटत नाही.

आता वाटेवरचे दोष. मॉनिटर 144 हर्ट्झचा असेल तर सेटिंगमध्ये तो 60 वर आणा. ठिपके, चमचम किंवा क्षणभराचा काळोख तेवढ्यानेच थांबला, तर केबलवर संशय घ्या. डिस्प्लेपोर्ट 1.4 ची केबल पूर्ण क्षमतेला सेकंदाला 32.4 गिगाबिट वाहते, एचडीएमआय 2.0 ची 18. जुन्या मॉनिटरबरोबर आलेली चार वर्षांची केबल 60 हर्ट्झला बिनतक्रार चालते आणि 144 ला दम सोडते. नवं कार्ड आल्यावर माणूस पहिल्यांदाच रिफ्रेश वाढवतो, आणि बोल कार्डाला लागतो. केबल बदला, कार्डावरचं दुसरं पोर्ट वापरा, जमलं तर शेजारचा टीव्ही लावून बघा. लोडिंग स्क्रीनवर नुसता उजेड कमी-जास्त होत असेल, रंगीत काही नसेल, तर ते बहुधा व्हेरिएबल रिफ्रेशमुळे (मॉनिटरचे हर्ट्झ गेमप्रमाणे बदलत राहण्यामुळे) असतं. तो पर्याय बंद करून बघा, कार्ड परत पाठवू नका.

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमधली गोष्ट सांगतो. डिझाइनच्या मशीनला नवं कार्ड घातलं आणि दिवसातून दहा वेळा स्क्रीन सेकंदभर काळी व्हायला लागली. कार्ड परत पाठवायचं ठरलं होतं, खोकंही भरलं होतं. मी जाऊन नुसता तासभर बसून राहिलो. पलीकडं स्पिंडल (मशीनचा मोटरवर फिरणारा दांडा) सुरू झालं की इकडं स्क्रीन जायची. मॉनिटरची पाच मीटरची केबल स्पिंडलच्या ड्राइव्हच्या केबलला टाय मारून एकाच पट्टीतून आणलेली होती. दीड मीटरची चांगली केबल घेतली, वाट वेगळी केली, त्या दिवसापासून तक्रार नाही. घरी स्पिंडल नसतं, पण पाण्याची मोटर असते, मिक्सर असतो, इन्व्हर्टर असतो. काळोख कधी येतो ते दोन दिवस वेळेसकट कागदावर लिहून ठेवा.

स्क्रीनशॉटमध्येही ठिपके दिसले तर पुढचं बघा. मशीन बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन दहा मिनिटं तिथंच थांबा. तिथं विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, गेम नाही. तिथं रंगीत रेघा किंवा ठिपके दिसले आणि दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या मॉनिटरवरही तेच दिसलं, तर विंडोज नवीन मारण्याचा सल्ला तिथंच निकालात निघतो. मागच्या पावसाळ्यात निपाणीहून एक मुलगा असंच नवं कार्ड घेऊन आला होता. बायोसच्या पडद्यावर ठरावीक अंतरावर उभ्या हिरव्या रेघा होत्या, आणि प्रत्येक ओळीतल्या त्याच त्याच जागच्या अक्षराखाली एक चुकार ठिपका होता. हे ठरावीक अंतर महत्त्वाचं आहे. तुमच्यासारख्या 12 जीबीच्या कार्डावर मेमरीची बस (डेटा जायची वाट) बहुधा 192 बिटची असते आणि प्रत्येक मेमरी चिप 32 बिटची, म्हणजे प्रोसेसरभोवती 2 जीबीच्या सहा चिपा. चित्राचा डेटा या सहा जणींत वाटून ठेवलेला असतो. त्यातली एक चिप किंवा तिच्या खालचा एखादा टाका कच्चा असला, की तिच्या वाट्याला आलेला तुकडा प्रत्येक वेळी बिघडतो आणि पडद्यावर नक्षीसारखी पुनरावृत्ती दिसते. म्हणून नेमक्या अंतरावरच्या चौकड्या दिसल्या की माझा पहिला संशय मेमरीवर जातो. गेममधल्या आकृत्या ताणलेल्या दिसत असतील, आकाशात त्रिकोणी सुळे निघत असतील, तर प्रोसेसर, मेमरी किंवा ड्रायव्हर यांपैकी काहीही असू शकतं.

बायोस स्वच्छ दिसला म्हणून कार्ड सुटलं असं मात्र नाही. तिथं कार्डावर काहीच भार नसतो, मेमरीचा अगदी थोडा भाग वापरात असतो. तुमचा दोष पंधरा-वीस मिनिटांनी येतो, म्हणजे उष्णतेचा संबंध बघायलाच हवा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवून तीन आकडे बघा: कार्डाच्या प्रोसेसरचं तापमान, आणि कार्ड दाखवत असेल तर हॉटस्पॉट (त्या प्रोसेसरवरची सगळ्यात गरम जागा) व मेमरीचं तापमान. प्रोसेसर आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो. तीसच्या वर गेला तर कूलर नीट टेकलेला नाही असं समजा. मेमरी जीडीडीआर6एक्स प्रकारची असेल तर 110 अंशांला कार्ड स्वतःच वेग कमी करतं. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावा आणि तोच गेम खेळा. चौकड्या वीस मिनिटांऐवजी तासाने आल्या किंवा आल्याच नाहीत, तर धागा सापडला. पण त्याचा अर्थ आयुष्यभर टेबल फॅन लावून बसायचं असा नाही. कॅबिनेटमध्ये हवा खेळती आहे आणि तरी नवं कार्ड तापून चुकतंय, तर तो कार्डाचाच दोष.

आता एसएमपीएस. गावातल्या मेकॅनिकचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण आपल्याकडे स्वस्तातला एसएमपीएस घालून वर महागडं कार्ड बसवायची चाल आहे. पण वीज कमी पडली की मशीन धाडकन बंद पडतं, रीस्टार्ट होतं किंवा स्क्रीन जाते. नुसत्या विजेपायी रंगीत चौकड्या मी फार क्वचित पाहिल्यात. स्लॉटमधून 75 वॉट मिळतात, 8 पिनांच्या प्रत्येक सॉकेटमधून 150. कार्डाला दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबली आणा. एकाच केबलला दोन तोंडं असतात ती दोन्हीकडे खुपसू नका, बारीक तारांत भाराखाली व्होल्टेज पडतं. 16 पिनांचं नवं सॉकेट असेल तर प्लग कट्ट आवाज येईपर्यंत आत दाबा आणि प्लगजवळ केबल वाकवू नका. अर्धवट बसलेले हेच प्लग 2022 पासून जगभर वितळलेत. मीटर असेल तर गेम चालू असताना बारा व्होल्ट मोजा, 11.4 ते 12.6 च्या आत हवेत. मापाची सवय नसेल तर चालू मशीनमध्ये हात घालू नका, त्यापेक्षा कुणाचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळसाठी मागून आणा.

खेड्यातल्या जुन्या घरांत अर्थिंग नसतं, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. तुमच्याकडे तसं असेल तर कार्डाचा निकाल काहीही लागो, आधी अर्थिंग करून घ्या. अशा घरात चालू मशीनला एचडीएमआय लावणं-काढणं टाळा. पोर्ट जळालेली कार्डं माझ्याकडे आलीत, आणि तो दोष वॉरंटीत बसवणं अवघड जातं.

कार्ड एकदा काढून परत बसवा. स्लॉटच्या टोकाची क्लिप लागली पाहिजे, आणि कॅबिनेटचा स्क्रू आवळताना कार्ड मागून उचललं जाता कामा नये. रायझर लावलेला असेल तर तो काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवा. पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाच्या स्लॉटची जोडणी) तिसऱ्या पिढीच्या रायझरवर चौथ्या पिढीचं कार्ड लावलं की नेमके असले चाळे होतात. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) बंद करा. रॅम चुकली तरी टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) बिघडतात, गेम बंद पडतात, आणि दोष कार्डावर येतो.

ड्रायव्हर तुम्ही दोनदा टाकलाय, पण बहुधा जुन्यावरच. नेट काढा, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू (ड्रायव्हर पुसणारा प्रोग्रॅम) चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा, मग कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला टाका. नेट काढायचं कारण असं, की नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालून मोकळं होतं. तुमची स्क्रीन काळी होऊन परत येते त्याचं कारण केबल नसेल तर बहुधा इथंच आहे. विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघतं, उत्तर आलं नाही की ड्रायव्हर पाडून परत उभा करतं. ईव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) त्या वेळेला 4101 क्रमांकाची नोंद सापडली तर तिचा फोटो काढा. विंडोज पुसण्याऐवजी उबंटूचा (लिनक्स सिस्टिमचा) पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरून मशीन चालू करा. वेगळी सिस्टिम, वेगळा ड्रायव्हर. तिथंही तेच ठिपके आले तर सॉफ्टवेअरचा विषय जवळपास संपला.

इथपर्यंत केबल, मॉनिटर, उष्णता, वीज, रॅम आणि ड्रायव्हर बघून झाले. यातल्या एकानेही दोष थांबला नाही, तर अदलाबदल करा, आणि ती दोन्ही बाजूंनी. नवं कार्ड मित्राच्या मशीनमध्ये त्याच्या एसएमपीएसवर, त्याच्या मॉनिटरवर चालवा. तुमचं जुनं कार्ड तुमच्या मशीनमध्ये परत घाला आणि तेच काम करा. दोष नव्या कार्डाबरोबर मित्राच्या घरी गेला आणि तुमचं मशीन जुन्या कार्डावर शांत राहिलं, तर वाद संपला. लोक अर्धीच अदलाबदल करतात, आणि विक्रेता उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवतो. ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅममधली कार्डाच्या मेमरीची चाचणीही तिथंच चालवा. ती चुका मोजून दाखवते. चांगल्या कार्डावर तो आकडा शून्य असतो, आणि एक चूक आली तरी नवं कार्ड मी ठेवून घेत नाही.

मित्राच्या क्लॉक कमी करण्याच्या सल्ल्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये) मेमरीचा क्लॉक उतरवून बघा, जरूर बघा. ठिपके थांबले तर तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे, उपाय नाही. खोक्यावर लिहिलेल्या वेगाला जे कार्ड चालत नाही ते तुम्ही पूर्ण पैसे मोजून घेतलंय. आज शंभर मेगाहर्ट्झने उतरवून चालेल, तुळशीचं लग्न झालं की तुमचा सीझन सुरू होईल, आणि ऐन रेंडरला ते परत चुकायला लागेल. तेव्हा मुदतही नसेल आणि पर्यायही. कारखान्यातून सदोष माल निसटतो, त्यात नवल नाही. 2018 साली आरटीएक्स 2080 टीआयच्या सुरुवातीच्या काही कार्डांवर असेच ठिपके यायला लागले, तेव्हा चाचणीतून काही सदोष बोर्ड सुटल्याचं एनव्हिडियानेच मान्य केलं होतं. त्यामुळे "नवं कार्ड कसं खराब असेल" या प्रश्नापुढे गप्प बसू नका.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. कूलर उघडू नका, स्क्रूवरचं स्टिकर फाडू नका, कार्डाचा स्वतःचा बायोस फ्लॅश करू नका (त्यातलं सॉफ्टवेअर बदलू नका). कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ फिरतात, तिकडे ढुंकूनही बघू नका.

तक्रार लिहिताना शब्द जपून वापरा. आपली पोरं "डिस्प्ले प्रॉब्लेम" लिहितात, आणि पलीकडचा माणूस मॉनिटरची तक्रार नोंदवून मोकळा होतो. असं लिहा: ग्राफिक्स कार्डावर आर्टिफॅक्ट्स (असे ठिपके-चौकड्या) येतात, दुसऱ्या मशीनवरही येतात, दुसऱ्या केबल-मॉनिटरवरही येतात, जुन्या कार्डावर येत नाहीत. सोबत सलग एकच व्हिडिओ द्या, ज्यात आधी कार्डाचा सिरीयल नंबर दिसतो आणि मग न थांबता स्क्रीनवरचे ठिपके. फोनवर कन्नड, हिंदी, मराठी जे जमेल ते बोला, पण फोननंतर तेच मेलवर टाका.

विक्रेता बेंगळुरूचा असो का मुंबईचा, तो ऐकत नसेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल तेवढं तुमच्या नावाचं पाहिजे.

खानापूरकडे सध्या पाऊस कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. कार्ड पाठवताना मूळ अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, पोर्टांवरच्या टोप्या परत लावा, मूळ खोक्यात ठेवून ते खोकं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि मग बाहेरचं खोकं. भरताना व्हिडिओ काढा, कुरिअरवाल्याने वजन केलेली पावती मागून घ्या. मॉनिटरचे हर्ट्झ, एसएमपीएसचा वॉट आणि स्क्रीनशॉटमध्ये ठिपके आले का, एवढं आज रात्री कळवा. पुढचं मी त्यावरून सांगतो.